एकनाथ भिंत ठोकून बघतो

बीमखाली, डावीकडून चौथा ठोका

"झालं का काका?"

टक.

किंवा ढब.

किंवा या दोन्हींच्या मधलं काहीतरी, ज्याला अडतीस वर्षांत नाव द्यायची वेळ आली नव्हती.

एकनाथने हातोडीचा दांडा पुन्हा त्याच जागी आपटला. मग वीतभर उजवीकडे. मग परत डावीकडे. तो चढला होता त्या लाकडी घोड्याचे दोन पाय धरून विनिता खाली उभी होती आणि मान वर करून बघत होती.

"काका?"

"थांब बाय. भिंतीला विचारू दे."

ती हसली असावी. खाली बघितल्यावर तिचे दात दिसले, त्यावरून.

गिलावा विटेला धरून असला की टक वाजतं. विटेपासून सुटून नुसता उभा राहिलेला असला की ढब. एकनाथच्या धंद्यात याहून जास्त काही नाही. ढब वाजलं की खडूने गोल करायचा. गोल केलेलं फोडायचं, बाकीचं ठेवायचं. मग पाणी मारायचं, नवा गिलावा लावायचा, आणि मग रंगाचं कंत्राट घेणाऱ्या उमंगची माणसं येऊन पुट्टी, प्रायमर, रंग. बोळिंजपासून आगाशीपर्यंत रंगवाले म्हणायचे, एकनाथमामा ठोकून गेला ना, मग लावा पुट्टी. वटारहून सकाळी स्कूटरवर निघायचं, पिशवीत हातोडी, छिन्नी, थापी आणि खडूचे तुकडे. दुसरं काही लागत नसे.

आज बीमखालच्या पट्ट्यावर एकही गोल नव्हता. एकनाथला तिथे ढब ऐकू आलं नव्हतं. टकही आलं नव्हतं. हातोडी भिंतीला लागत होती एवढं मनगटाला कळत होतं.

"मी का विचारते माहितेय का," विनिता म्हणाली. ती आता घोडा सोडून समोर आली होती, त्यामुळे तिचे ओठ दिसत होते आणि त्याला सगळं समजत होतं. "पलंग इथेच येणार. दवाखान्याचा असतो ना, वर-खाली होणारा, तो. आईला हवेची गादी लागते आणि तिचा पंप चोवीस तास चालू ठेवायचा असतो. या खोलीत प्लग हा एकच. म्हणजे तिचं डोकं बरोबर इथे येणार."

ती बीमच्या खाली जाऊन उभी राहिली आणि तिने स्वतःच्या डोक्यावर तळवा ठेवला.

"कुडाळला अंगणात पडली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. अजून कूस बदलायची तर दोन माणसं लागतात. वरून काही पडलं ना काका, तर ती बाजूला पण नाही होऊ शकणार. दादा रविवारी गाडी करून तिला आणतोय. त्याला रजाच तेवढी आहे. म्हणून विचारते. हे वरचं पक्कं आहे ना?"

एकनाथने वर बघितलं. पट्टा पांढरा होता, सरळ होता, एक केसाएवढी चीर सोडली तर त्यावर काही नव्हतं.

"पक्कं हाय," तो म्हणाला.


खिडकीचा कोपरा

इथे ठोकायचीसुद्धा गरज नव्हती.

खिडकीच्या खालून ओल चढली होती आणि रंगाचे पोपडे निघून त्याखाली पांढरा लोणा फुलला होता. एकनाथने बोटाने थोडा लोणा उचलला आणि जिभेवर ठेवला. खारट. बिल्डरने खाडीची रेती वापरली असेल तर भिंत अशी मीठ सोडत राहते. आयुष्यभर. त्याला बरं वाटलं. जीभ शाबूत होती.

"ई! काका, काय करताय?"

"चव बघतो. मीठ बरोबर पडलंय."

त्याने एक मोठा गोल केला. मग त्याच्या शेजारी दुसरा, छोटा. दोन्ही गोल ठसठशीत, एका दमात काढलेले. असे गोल तो तरुणपणी काढायचा.

विनिताचा फोन वाजला. म्हणजे तिने तो उचलला, त्यावरून. फोन स्पीकरवर होता. एकनाथला त्यातून डबा खरवडल्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं.

"जॉयस आंटी," फोन ठेवल्यावर विनिता म्हणाली. "मालकीणबाई. वसई गावात राहतात. म्हणतात, पोपडे काढा, पुट्टी मारा, रंग मारा, पण बीमला उगाच हात लावू नका. फोडाफोडी केली तर भिंत आपल्या तब्येतीनं राहत नाही म्हणे."

"शहानी हाय."

"शहाणी नाही हो, घाबरट. मला म्हणाली, अगो, घराला पण वय असतं, त्याला जास्त उघडून बघू नये." विनिता भिंतीला टेकली. "मी चार वर्षं राहते इथे काका. एक खिळा ठोकला नाही. भाड्याचं घर. कॅलेंडरसुद्धा टेपने लावलं. तर टेप काढताना रंगच निघाला."

तिने दाखवलं. भिंतीवर चार चौकोनी जखमा होत्या, एकाखाली एक, चार वर्षांची चार कॅलेंडरं. विनिता विरारच्या एका लॅबमध्ये रिपोर्ट द्यायच्या खिडकीवर बसत असे. दिवसभर लोकांना त्यांच्या रक्तात काय आहे ते कागदावर द्यायचं आणि स्वतः काही बोलायचं नाही, असं तिने सकाळी सांगितलं होतं. किंवा त्याने त्यातलं अर्धं ऐकून उरलेलं स्वतः जुळवलं होतं.

हल्ली तो बरंच काही जुळवत असे.


ही भिंत या घरातली नाही

ती नारिंगी होती. मागच्या महिन्यात, स्टेशनच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. एकनाथने ठोकली होती, दोन गोल केले होते, बाकी पक्की म्हणून सोडली होती. रंग झाल्यावर बाराव्या दिवशी त्यातला सुपाएवढा गिलावा रंगासकट सुटून चपलांच्या स्टँडवर पडला.

कोणी तिथे नव्हतं. चपला होत्या.

उमंगने मालकाला सांगितलं, वरच्या बाथरूमचं लीकेज आहे. मालक म्हणाला, असेल. वरचे लोक म्हणाले, आमचं नाही. मग सोसायटीचा प्लंबर आला आणि म्हणाला, पाईप ठीक आहे, पण सांगता येत नाही.

खरंच सांगता येत नाही. एकनाथने स्कूटर चालवताना, जेवताना, अंथरुणावर पडल्यावर पुन्हा पुन्हा ती भिंत मनात ठोकली होती. त्या दिवशी तिथे ढब वाजलं होतं का? वाजलं असेल आणि त्याला ऐकू आलं नसेल का? की भिंत तेव्हा पक्की होती आणि मग सुटली? भिंती सुटतात. बारा दिवसांत सुटतात? पाण्याने सुटतात. पाणी होतं? कान गेला होता की भिंत गेली होती? डावा कान तर दिवाळीतच गेला, पण उजवा होता ना? उजवा आहे ना? मग बायको उजव्या बाजूने बोलते तेव्हाही तिच्या तोंडाकडे का बघावं लागतं? नव्या बिल्डिंगी हलक्या ब्लॉकच्या असतात, त्या तशाच वाजतात, हे खरं आहे की नाही? खरं आहे. मग ती भिंत ब्लॉकची होती का?

नव्हती. विटेची होती.


वटार, मागचं दार

दुपारी तो जेवायला घरी गेला. त्याची बायको सावित्री मागच्या दारात बसून केळीची पानं मोजून जुड्या बांधत होती. उद्या अर्नाळ्याला कुणाकडे जेवणावळ होती. एकनाथ ताट घेऊन, त्याच्या उजव्या बाजूला ती येईल असा बसला. तो फारसं बोलला नाही. जे बोलली ते तीच.

"आमटी घ्या अजून."

"आमटी म्हनते मी. आमटी."

"अवो, काल मी विचारलं भात वाढू का, तर तुमी म्हनालात शुक्रवारी. आता शुक्रवारपर्यंत थांबू का मी?"

"हसू नका. सांगा, काय झालंय ते."

"कुठली बीम?"

"आनि तुमी काय सांगितलं तिला?"

इथे ती थांबली. पानांची जुडी तिने मांडीवर ठेवली.

"मग बरोबर केलंत. सांगू नका काय. उमंगला कळलं तर तो कशाला बोलवेल? कानाचं तो कॅम्पमधला डॉक्टर म्हनाला ना, मशीन लावा, मग लावू. संक्रांतीनंतर लावू. तोवर कुनाला सांगायचं नाय."

"पक्की असेल पन. नसेल कशावरून?"

मग तिने दोन जुड्या बांधल्या. तिसरी बांधताना सुंभ तुटला. तिने तो दातांनी सोडवला, नवा घेतला.

"किती वयाची हाय ती?"

"तिची आई. किती वयाची?"

"मग माझ्याच वयाची की."

एकनाथ हात धुवायला उठला. परत आला तेव्हा सावित्री काहीतरी बोलत होती, पानांकडे बघून, त्याच्याकडे नाही. ती काय म्हणाली ते त्याला कळलं नाही. त्याने विचारलंही नाही. तो आत गेला, पिशवी घेतली, पुढच्या दाराने बाहेर आला आणि स्कूटर सुरू केली. वाटेत दोनदा त्याने स्कूटर बाजूला घेतली. एकदा त्याला वाटलं मागून कोणी हॉर्न वाजवतंय. कोणी नव्हतं. दुसऱ्यांदा का थांबला ते त्याला सांगता आलं नसतं. वाडीच्या कुंपणाशी पाय टेकून तो थोडा वेळ उभा राहिला आणि त्याने स्कूटरच्या पत्र्यावर बोट वाकवून ठोकलं. मग हँडलवर. मग कुंपणाच्या दगडावर.

तिन्ही सारखं.


पुन्हा बीमखाली

उमंग आला होता. त्याची दोन माणसं खिडकीखाली पुट्टी कालवत होती.

"मामा, आलात? बरं झालं. अहो, इथे वर एक पण गोल नाही," उमंग बीमकडे बोट करून म्हणाला. "मग मी घेऊ ना पुट्टी? बीमपासूनच सुरू करतो, वरून खाली."

"घे," एकनाथ म्हणाला.

माणूस पत्रा घेऊन घोड्यावर चढला. त्याने पत्र्यावर पुट्टीचा गोळा घेतला. एक हात मारला की ती केसाएवढी चीर बुजणार होती. मग तिथे काय होतं हे कोणालाही कळणार नव्हतं, एकनाथलासुद्धा नाही.

"थांब," एकनाथ म्हणाला.

माणूस थांबला.

"हलक्या ब्लॉकची भिंत हाय. ती वेगळी वाजते. परत बघतो."

"विटेची आहे मामा. सकाळी तुम्हीच फोनवर सांगितलंत, विटेची आहे म्हणून."

"विटेचीच हाय."

"मग?"

विनिता दारात येऊन उभी राहिली होती. हातात चहाचे कप.

"मला कळत नाय," एकनाथ म्हणाला.

"काय कळत नाही?"

"वाजतं काय ते. सकाळी मी हिला पक्कं म्हनालो. मला कळलं नव्हतं. ऐकूच आलं नाय मला."

उमंग हसला. मग एकनाथच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसणं अर्धवट राहिलं. तो जवळ आला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून एक कान. दुसरा, मागच्या महिन्यात म्हन."

"मागच्या महिन्यात." उमंगने मान खाली घातली. त्याची बोटं हलत होती, तो घरं मोजत होता. "मामा, दिवाळीपासून आपण अकरा घरं केली. अकरा. सगळी तुमच्या गोलांवर. आणि ते चपलांचं स्टँड... मी त्या माणसाला वरच्या मजल्याशी भांडायला लावलं! ते लोक आता लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलत नाहीत!"



"आणा इकडे," उमंगने एकनाथच्या हातातून हातोडी घेतली. पुट्टीवाल्याला खाली उतरवून तो स्वतः चढला. त्याने बीमखाली ठोकलं. डावीकडे ठोकलं. उजवीकडे ठोकलं. कान भिंतीला लावला. मग वरूनच तो म्हणाला, आणि एवढ्या मोठ्याने की एकनाथला सहज ऐकू आलं, "आयला, मला सगळं सारखंच वाटतंय!"

खाली उभ्या असलेल्या पुट्टीवाल्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"हसू नको रे! मी कधी ठोकलंय? पंधरा वर्षं मामाच ठोकतोय! मी फक्त रंगाचा शेड सांगतो!"

विनिताने कप जमिनीवर ठेवले.

"काका, माझ्या आईचं डोकं इथे येणार," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. रिपोर्टच्या खिडकीतून बोलावं तसं ती बोलत होती. "तुम्ही सकाळी मला पक्कं म्हणालात."

"म्हनालो."

"मला सांगितलंत, आणि मी दादाला फोन करून सांगितलं, ये म्हणून."

"हो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. एकनाथला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, ऐकू आलं असतं. पण तिने उमंगकडे हात पुढे केला.

"द्या ती हातोडी. काका, मला शिकवा."


कॉलम

"इथं ठोक आधी. हा कॉलम. सगळा काँक्रीट. याच्यात खोटं काही नाय."

तिने ठोकलं.

"असं नाय. मनगट सैल. जिन्यात शेजारनीच्या दारावर ठोकतेस ना, दूध मागायला, तसं."

"मी शेजारणीकडे दूध मागत नाही."

"मग मागायला लाग. ठोक."

तिने ठोकलं.

"ऐकलंस? आता ये इकडे." तो तिला खिडकीच्या कोपऱ्यात, त्या दोन ठसठशीत गोलांपाशी घेऊन गेला. "हे मेलेलं हाय. हे मला बघून कळलं, ठोकून नाय. हे ठोक."

तिने ठोकलं आणि तिचे डोळे एकदम मोठे झाले.

"अय्या."

"काय?"

"वेगळं आहे! एकदम वेगळं आहे काका. कसं सांगू? आत खोली असल्यासारखं."

"परत कॉलम."

ती परत कॉलमपाशी गेली. मग कोपऱ्यात. मग कॉलम. पाच-सहा वेळा एकनाथने तिला अशी येरझार घालायला लावली आणि तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. कोपऱ्यात ठोकलं की तिच्या भुवया किंचित वर जात. कॉलमवर ठोकलं की जात नसत. एकनाथला ते नीट दिसलं. ठोका त्याच्यापर्यंत पोचत नव्हता, भुवया पोचत होत्या.

"आता वर चढ. मी धरतो घोडा."

ती चढली. उमंग आणि त्याची माणसं भिंतीला पाठ लावून उभी. एकनाथने एका हाताने घोडा धरला आणि दुसरा तळवा बीमखाली, हात पोचेल तिथे, भिंतीवर सपाट टेकवला.

"डावीकडून. वीतभर, वीतभर."

तिने ठोकलं.

भुवया जागच्या जागी.

ठोकलं.

जागच्या जागी.

ठोकलं.

विनिता थांबली. तिने त्याच जागी परत ठोकलं. मग तिने खाली बघितलं, पण त्याआधीच एकनाथने खडूचा तुकडा वर केला होता.

"गोल कर."

"नक्की?"

"ऐकनारी तू हायस. मला काय विचारतेस?"

तिने गोल केला. थरथरता, अंड्यासारखा. पुढच्या ठोक्याला दुसरा, सकाळच्या चौथ्या ठोक्याच्या जागी. तिसरा. चौथा. मग गोल एकमेकांत शिरायला लागले. सातव्यानंतर तिने गोल काढायचं सोडलं आणि पट्ट्याच्या टोकापर्यंत एक लांब रेघ ओढली.

"सगळंच," ती म्हणाली.

एकनाथने तिला खाली उतरवलं. सगळ्यांना खोलीबाहेर केलं. तो चढला. छिन्नी त्या केसाएवढ्या चिरेत ठेवली आणि एकदाच, हलकी, हातोडी मारली.

पहिला तुकडा पोळपाटाएवढा होता. त्याच्या मागोमाग बीमच्या अर्ध्या लांबीचा गिलावा एकसंध सुटला आणि खाली पडला. तो आवाज एकनाथने ऐकला. धूळ उठली. आत बीमच्या सळया गंजून फुगल्या होत्या, सोलून ठेवलेल्या दालचिनीसारख्या.

खाली, जिथे विनिताने सकाळी उभं राहून डोक्यावर तळवा ठेवला होता, तिथे टाईल फुटली होती.

धूळ बसल्यावर विनिता आत आली. त्या ढिगाकडे बघत ती तिथेच जमिनीवर, धुळीत बसली.  मग तिने फोन काढून मालकिणीला लावला. "आंटी, बीमला हात लागला," एवढंच एकनाथला तिच्या ओठांवरून कळलं. पुढचं बोलताना तिने तोंड फिरवलं होतं.


जिना

उमंगने त्याला बाहेर बोलावलं. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून तो वळला आणि ओरडला,

"मामा! पुढच्या घरांना मी दुसरा माणूस बघतो! ठोकायला! गिलावा तुम्हीच करायचा!"

वरच्या मजल्यावरचं एक दार उघडलं. कोणीतरी वाकून बघितलं.

"एवढं ओरडू नको," एकनाथ म्हणाला. "समोर उभा राहून बोललास तर कळतं मला."

उमंगचा चेहरा पडला. तो समोर आला आणि हळू, तोंड मोठं करून, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागला. एकनाथला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"अकरा घरं," एकनाथ म्हणाला.

"काय अकरा?"

"परत ठोकायची. अकराच्या अकरा. तू ठोक, नायतर ही शिकली तसं कुनालातरी शिकवतो. मी येतो बरोबर."

"रंग झालेल्या घरात? मामा, लोक आत घेतील? काय सांगायचं? आमच्या माणसाला ऐकू येत नव्हतं म्हणून?"

"हो."

"माझा धंदा बसेल."

"बसेल," एकनाथ म्हणाला. त्यालाही ते दिसत होतं. उमंगला दोन मुलं होती, त्यातल्या एकाच्या बारशाला एकनाथ जेवून आला होता. "तू नको येऊ वाटल्यास. मी एकटा जातो. दार मीच वाजवतो."

उमंगने कपाळ चोळलं. हाताची पुट्टी कपाळाला लागली. तो काय म्हणाला ते यावेळी खरंच कळलं नाही, कारण तो जिन्याच्या खिडकीबाहेर बघून म्हणाला. पण शनिवारी सकाळी तो पहिल्या घराच्या दाराशी एकनाथच्या आधी येऊन उभा होता. त्या घरात सगळं ठीक निघालं. दुसऱ्या घरात त्यांना आत घेतलं नाही, पण दारातूनच बरंच काही ऐकवलं. त्यातलं सगळं उमंगला ऐकावं लागलं.


रविवार, हॉल

पलंग हॉलमध्ये लागला होता. पंपाची वायर एक्स्टेंशन बोर्ड लावून बेडरूममधून आणली होती आणि ती कोणाच्या पायात येऊ नये म्हणून विनिताने ती भिंतीच्या कडेने टेपने चिकटवली होती. कुडाळहून आलेला भाऊ हर्षवर्धन सोफ्यावर, तोंड उघडं टाकून झोपला होता. पलंगावर विनिताची आई, वसुंधराबाई. अंगावर शाल, उशीवर पांढरे केस पसरलेले, डोळे उघडे.

एकनाथने चपला दारात काढल्या. त्याने त्यांना मान लववली आणि तो आत गेला.

बीम दोन दिवसांपूर्वी भरून झाली होती. गंज घासून, सळयांना लेप देऊन, त्यावर जाळी, त्यावर गिलावा, एकनाथने स्वतः लावलेला. रंगवाले आठवड्यानंतर येणार होते. तोवर दिवसातून दोनदा पाणी. सुट्टी असली तरी. नव्या गिलाव्याला रविवार कळत नाही.

बादली भरून तो घोड्यावर चढला आणि मगाने, अंदाज घेत, वरून पाणी सोडत गेला. फिकट राखाडी भिंत पाणी लागेल तिथे काळसर होत होती आणि बघता बघता परत फिकी. तो पुन्हा पाणी सोडत होता. स्वयंपाकघरात विनिता काहीतरी करत होती, दारातून तिची कोपरं दिसत होती.

वळून पाण्याचा मग भरताना त्याचं लक्ष हॉलकडे गेलं. वसुंधराबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

दिवाळीपासून एकनाथ अशा वेळी मान डोलवत असे. हो म्हणून. जे काही असेल त्याला हो. बहुतेक वेळा ते चालून जात असे.

तो खाली उतरला. ओला हात लेंग्याला पुसून दारापर्यंत आला.

"मोठ्यानं बोला," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाय."

वसुंधराबाईंनी डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी पलंगाची कड पकडली, श्वास घेतला आणि सगळा जोर लावून म्हणाल्या,

"म्हटलं, किती पाणी पिते हो ही भिंत!"

हर्षवर्धन दचकून उठून बसला. स्वयंपाकघरातून विनिता हातात लाटणं घेऊन धावत आली.

"काय झालं? आई, काय झालं?"

"तुला नाही गं," वसुंधराबाई म्हणाल्या. "त्यांना विचारते."

"सात दिवस प्यायची," एकनाथ म्हणाला. "कमी पाजलं तर तडकते."

त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी. मग पुन्हा श्वास घेतला. त्यांना अजून काहीतरी विचारायचं होतं. एकनाथने पाण्याचा मग खाली ठेवला आणि उजवा कान त्यांच्याकडे करून तो दारात उभा राहिला.